धाकूच्या नावाचं पान

"संध्याकाळी या," असं म्हणून लवूने दार लावून घेतलं आणि कडी सरकवल्यावर त्याच्या लक्षात आलं की भांडुपच्या या टेकडीवर भरदिवसा दार कुणी लावतच नाही. दार लावायचं ते रात्री, नाहीतर भांडण असलं तर. भांडण तर काहीच नव्हतं. बाहेर भाऊराव उभे होते. लवूच्या बापाचे गिरणीतले सोबती, लवूचे भाऊकाका. धुतलेला पांढरा सदरा, पायात चपला, हात मोकळे. "लवू, जरा तुझ्याकडे आलो होतो," एवढंच ते म्हणाले होते, आणि पुढचं काही बोलायच्या आत लवूच्या तोंडून ते निघून गेलं होतं. भाऊराव "बरं" म्हणाले. रागाने नाही, लागून नाही, नळाला पाणी आलं नाही म्हटल्यावर माणूस म्हणतो तसं. मग त्यांच्या चपलांचा आवाज पायऱ्या उतरून खालच्या आळीकडे गेला. लवू कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला आणि सवयीने छातीत काय होतंय ते बघू लागला. काही होत नव्हतं. श्वास येत होता, जात होता. आत जानकी वडे तळत होती. तेलाचा चर्र आवाज येत होता, काळ्या वाटाण्याच्या आमटीचा वास येत होता, आणि भाद्रपदातलं ऊन पत्र्यावरून उतरून सगळ्यांच्या डोक्यावर बसलं होतं.

"वासावर इलो वाटता," मागून काशीरामकाका म्हणाले. हे बापाचे चुलतभाऊ, काळाचौकीहून सकाळीच आलेले. वयाने मोठे आणि तोंडानेही. घरात म्हाळ होता. लवूच्या बापाचं, धाकूचं वर्षश्राद्ध होऊन गेलेलं, म्हणजे धाकूचा हा पहिलाच म्हाळ. यांच्या गावची रीत अशी की पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, प्रत्येक पितराच्या नावाने केळीचं पान मांडायचं आणि त्यावर भावकीतला एक पुरुष बसवायचा. तो त्या दुपारपुरता तो मेलेला माणूसच. त्याचे पाय धुवायचे, त्याला बाबा म्हणायचं, आजोबा म्हणायचं, आणि तो जेवून उठेपर्यंत घरच्या कर्त्याने पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. आजोबांच्या पानावर काशीरामकाका बसणार होते. धाकूच्या पानावर जयवंत, लवूचा डोंबिवलीचा चुलतभाऊ. आणि जयवंतचा काही पत्ता नव्हता. धाकूच्या नावाचं पान भिंतीशी मांडलेलं, पुसलेलं, शेजारी तांब्या, समोर रिकामा पाट. बाप जिवंत असताना याच भिंतीला टेकून बसायचा. तिथे भिंत तेलकट झाली होती. वर्षभरात दोनदा चुना लावूनही तो डाग वर आला होता.

लवू स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेला. जानकीने झारा कढईच्या कडेला टेकवला आणि मान वर न करता हळूच म्हणाली, "जेवायला नव्हते आले ते."

"मग?"

"आज चाललेत ते घर सोडून. चारकोपला. त्यांच्या भीमराजचं घर झालं ना तिकडे. टेम्पो येणार आहे दुपारी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगितलं की परवा! त्यांची शांताबाई नळावर म्हणाली तेव्हाच येऊन सांगितलं. तुम्ही हं म्हणालात."

म्हणाला असेल. अलीकडे लवू पुष्कळ गोष्टींना हं म्हणायचा. जानकीची बहीण गेली तेव्हाही आणि दूधवाल्याने पाणी जास्त घातलं तेव्हाही, हं. लोक म्हणायचे, लवू किती शांत झाला हो! संपानंतर गिरण्या बसल्या, कुणी दारूला लागले, कुणी गावाला जाऊन शेण काढायला लागले, कुणी पंख्याला लटकले, आणि हा लवू बघा, प्लॅस्टिकच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासतो, चढा आवाज नाही, तक्रार नाही. एकेकाळी हाच लवू गेटसभेत गळा फाटेस्तोवर ओरडायचा. संप फसल्यावर त्याची झोप गेली. सगळी रात्र पत्र्याकडे बघत पडायचा आणि सकाळी जानकीवर खेकसायचा. तेव्हा भाऊरावांनीच त्याला खालच्या आळीतल्या विहारात नेलं होतं. पहाटे तिथे पाच-सात माणसं भिंतीला न टेकता बसायची. "काही करायचं नाही," भाऊराव म्हणाले होते. "श्वास आत आला, बघायचं. बाहेर गेला, बघायचं. ओढायचा नाही, ढकलायचा नाही." लवूला आधी हसू आलं. बघत बसून काय पोट भरतं? पण तो बसला. कोकणातल्या मराठ्याचा पोरगा बौद्धांच्या विहारात बसतो म्हणून वरच्या आळीत कुजबुज झाली, तीही त्याने बघितली. हळूहळू झोप यायला लागली. मग राग येईनासा झाला. मग आणखी काय काय येईनासं झालं, ते कुणी मोजलं नाही, लवूनेही नाही. त्याला वाटलं, जमलं. आपल्याला जमलं.

बाप गेला त्या दिवशीही त्याला वाटलं होतं, जमलं. धाकूचा घसा शेवटी शेवटी बंद झाला होता. पेज चमच्याने द्यावी लागायची. लवू कामावर, जानकी नळावर, मग दुपारी भाऊराव यायचे. दाढी करायचे, पेज भरवायचे, नुसतेच गिरणीच्या गप्पा मारायचे, त्या एकतर्फी. एका दुपारी पेज भरवतानाच धाकू गेला, भाऊरावांच्या हातावर. लवू घरी आला तेव्हा भाऊराव हमसून हमसून रडत होते. पांढऱ्या केसांचा बाप्या माणूस, धोतराने नाक पुसत, लहान पोरासारखा. लवूच्या डोळ्यात पाणी नाही. त्याने सगळं केलं, मडकं धरलं, अग्नी दिला, डोकं भादरलं. पुढे विहारात एकदा तो मोठ्या समाधानाने म्हणाला, "भाऊकाका, बाबा गेले तेव्हा मला काहीच वाटलं नाही. नुसतं बघत होतो." भाऊराव त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "काही वाटलंच नाही, तर मग बघत काय होतास रे?" लवूला ते कळलं नाही. त्याने तेही बघितलं आणि सोडून दिलं.

आता कढईशेजारी उभ्या उभ्या त्याला दुसरीच गोष्ट आठवली. 'संध्याकाळी या.' हे शब्द त्याचे नव्हतेच. बापाचे होते. दर म्हाळाला धाकू हेच म्हणायचा. आदल्या दिवशी आठवणीने भाऊरावांना सांगायचा, "भाऊ, उद्या आमच्यात म्हाळ आहे, संध्याकाळी ये हां." म्हणजे दुपारी भावकी जेवून गेल्यावर. आणि भाऊराव कधीही आले नाहीत. धाकू रात्री वडे झाकून ठेवायचा आणि म्हणायचा, "विसरला वाटतं." दरवर्षी विसरला. या दोघांनी गिरणीत एका डब्यात खाल्लं होतं, त्याच्याही पलीकडचं केलं होतं. साळखात्यात, म्हणजे जिथे कापड विणायचं त्या खात्यात, पूर्वी महाराला घ्यायचेच नाहीत. का, तर धोट्यातली कांडी बदलली की दोऱ्याचं टोक ओठांनी ओढून बाहेर काढायचं, आणि एकाच्या ओठाचा धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागायचा. भाऊरावांच्या बापाचा जन्म पिंजणखात्यात कापूस खात गेला. भाऊराव साळखात्यात आले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांच्या हातचा धोटा कुणी घेईना. धाकूने घेतला, सगळ्यांदेखत तोंडाला लावला आणि दोरा ओढला. ही गोष्ट लवूने शंभरदा ऐकली होती, बापाच्या तोंडून छाती फुगवून, आणि भाऊरावांच्या तोंडून कधीच नाही. गिरणीत धोटा तोंडाला लावणारा तोच माणूस घरी आला की संध्याकाळी ये म्हणायचा. आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला मरेपर्यंत वाटलं नाही. लवूला तरी कुठे वाटलं होतं? तोंड उघडलं आणि आतून बापच बोलला, इतका आयता.

"खंय रवलो तो जयवंत?" काशीरामकाका घड्याळाकडे बघत करवादले. "कावळो येवन वाडी खावन गेलो, आणि ह्या पानार अजून माणूस नाय. धाकू उपाशी रवलो म्हणजे काय ता म्हायत आसा मां तुका?"

तेव्हा लवूला ती कल्पना सुचली. सुचली म्हणजे अंगावर काटा वगैरे काही नाही, कपाट उघडावं आणि समोर वस्तू दिसावी तशी दिसली. बापाच्या पानावर बापाचा माणूस. ज्याच्या हातावर बाप गेला तो. वर्षानुवर्षं ज्याला संध्याकाळी ये म्हटलं त्याला भरदुपारी, भावकीच्या पंगतीत, पाय धुऊन पाटावर बसवायचं. त्याला ते इतकं सरळ वाटलं की त्याने बोलूनच टाकलं, "भाऊकाकांना बसवलं तर?"

जानकीच्या हातातला वडा तेलात पडायचा राहिला. काशीरामकाकांनी आधी ऐकू आलं नाही असं केलं, मग ऐकू आल्यावर म्हणाले, "खुळो झालंस काय रे तू?"

"बाबांच्या सगळ्यात जवळचे तेच."

"जवळचे आसतीत. मी कधी नाय म्हटलंय? माझ्या काळाचौकीच्या मेसमध्ये तेंच्यातली दोन पोरां जेवतत. पण ह्या पितरांचा पान. भावकीचा. थयसर माणूस बसाचो तो रक्ताचो. माणसां सगळी सारखीच, ता भाषणात झाला."

"अहो, राहू दे ना," जानकी घाईने म्हणाली. "येतील भावोजी आता. गाडी चुकली असेल." तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती भीती नवऱ्यासाठी होती की घरासाठी, हे तिलाच सांगता आलं नसतं. गावाला कळलं तर पुढच्या गणपतीला कुणी दारात पाय ठेवणार नाही, एवढं तिला बरोबर माहीत होतं. लवू म्हणाला, "बघून येतो," आणि चपला घालून निघाला. कुणाला बघून येतो ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

पायऱ्या उतरताना तो श्वास बघत होता. उतारावर वरची आळी, मग नळाचं कोंडाळं, मग नाला, नाल्यापलीकडे खालची आळी. टेकडी एकच, चिखल एकच, नळ एकच, पण नळावर हंड्यांच्या रांगा दोन लागायच्या. कुणी लावल्या म्हणून नाही, लागायच्याच. लवू इतकी वर्षं पहाटे त्या रांगांमधून विहारात जात होता आणि त्याला वाटायचं, आपण यातून सुटलो. त्याला आता बरं वाटत होतं. निदान बरं वाटायला हवं असं वाटत होतं. आपण काहीतरी मोठं करायला निघालो आहोत हे त्याला ठाऊक होतं. फक्त ते आत कुठे पोचत नव्हतं, दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल बोटाने दाबून बघावा तसं.

आळीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता. त्यावर कपाट, गाद्या, उलटं घातलेलं पिंप, आणि भीमराज दोरी आवळत होता. भीमराज बापासारखा नाही. नोकरी चांगली आणि जीभ धारदार. "या," तो म्हणाला. "उरकला का म्हाळ?" लवू आत गेला. खोली रिकामी झाली होती आणि रिकामी झाल्यामुळे मोठी दिसत होती. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून शांताबाईने डबा सोडला होता. भाकऱ्या, सुकटीची चटणी, फोडलेला कांदा. भाऊराव मांडी घालून बसले होते. लवूला बघून त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, आणि त्याने लवूला उगाच कसनुसं झालं.

"आलास? मला वाटलं नाही येत. बस."

"भाऊकाका, मघाशी मी..."

"ते सोड रे. कामात होतास. बस आधी."

लवू बसला नाही. उभ्यानेच त्याने सांगून टाकलं. जयवंत आला नाही, बाबांचं पान मांडलेलं आहे, त्यावर तुम्ही बसायचं. काका काय म्हणायचं ते म्हणोत, मी तुमचे पाय धुणार. एवढं बोलून तो थांबला. शांताबाईने पदर सावरला आणि नवऱ्याकडे पाहिलं. दारातून भीमराज मोठ्याने हसला. "वा! जिवंतपणी संध्याकाळी या, आणि मेलेला माणूस म्हणून भरदुपारी! झकास सोय केलीत, लवूदादा."

"गप रे," भाऊराव म्हणाले. मग लवूकडे वळून, अगदी मायेने, म्हणाले, "लवू, तू मनापासून बोलतोस ते कळतंय मला. पण आम्ही दीक्षा घेतली तेव्हा श्राद्ध, पितर, सगळं सोडलं. दुसऱ्याचं पितर होऊन कसा बसू? आणि खरं सांगू? धाकू म्हणून मला नाही जेवायचं. भाऊराव म्हणून वाढलं असतंस तर मी पळत आलो असतो."

हे लवूच्या डोक्यात आलंच नव्हतं. भाऊरावांना भावकीत बसवायला तो निघाला होता, पण भाऊरावांना काय वाटेल हा प्रश्न त्याला वाटेत कुठेच पडला नव्हता.

"मग मघाशी कशाला आला होतात?" त्याने विचारलं.

"तुला बोलवायला." भाऊराव हसले. "घर सोडताना शेवटचं जेवण एकट्याने करू नये. म्हटलं, लवूला घेऊन येऊ. चारकोप म्हणजे गाडीची लाईनच वेगळी. तू कधी येणार आणि मी कधी येणार? बस. शांताने सुकट केलीय, धाकूला आवडायची तशी."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी घेतली आणि हात पुढे केला. लवूने त्या हाताकडे पाहिलं. रुंद तळवा, बोटांच्या पेरांना जुनी घरं पडलेली. या हाताने बापाला पेज भरवली होती. भूक तर कडकडून लागली होती, सकाळपासून पोटात पाणीही नव्हतं. सुकटीचा वास सरळ पोटात जात होता. हात पुढे करायचा, घ्यायचा, तोंडात टाकायचा, झालं. त्याला कुणी धरलं नव्हतं. तो बघत होता. श्वास आत आला, बघितला. बाहेर गेला, बघितला. आपला हात मांडीशी तसाच लटकलेला आहे आणि वर येत नाही, हेही त्याने अगदी स्पष्ट, शांतपणे बघितलं.

"भाऊकाका, आज मला... बाबांचं पान उठल्याशिवाय... पाणीसुद्धा नाही," तो म्हणाला. खरंच होतं ते. कुणीही हेच म्हटलं असतं.

हात क्षणभर तसाच राहिला. "हो की. विसरलोच," भाऊराव म्हणाले, आणि तो घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिले. शांताबाई मान खाली घालून कांदा वाढत राहिली. भीमराज दोरीची गाठ मारायला बाहेर गेला. मग लवू वाकून भाऊरावांच्या पाया पडला. त्यांनी उष्ट्या हाताने नव्हे, डाव्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटलं.

वर आला तेव्हा जयवंत आला होता. कळव्याला गाडी अडकली म्हणाला, घामाघूम झालेला, भुकेने कासावीस. लवूने त्याचे पाय धुतले. त्याला पाटावर बसवलं, गंध लावलं, पानावर भात, आमटी, भोपळ्याची भाजी, वडे, खीर वाढली. खालून टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, एकदा बंद पडला, पुन्हा सुरू झाला आणि मग नाल्याकडच्या वळणावरून लांब गेला. काशीरामकाकांनी आजोबांच्या पानावर बसून गाऱ्हाणं घातलं, पोराबाळांक सुखी ठेव म्हणाले. पंगतीला आलेल्या भावकीचे हात जेवणाला लागले. जयवंत चार दिवसांचा उपाशी असल्यासारखा जेवत होता. लवू वाढत होता. वाढता वाढता रीतीप्रमाणे तो धाकूच्या पानासमोर वाकला आणि विचारलं, "बाबा, पोट भरलं?"

"भरलं रे बाबा, भरलं," जयवंत तोंडात वडा धरूनच म्हणाला. "घर सुखी राहू दे."

आणि लवूला रडू फुटलं. कुठून आलं ते कळलं नाही. ते बाहेरच पडलं, मोठ्याने, वाईट आवाजात, आमटीची वाटी हातात असताना. इतकं दुखत होतं की श्वास बघायला श्वासच सापडेना. जानकीच्या हाताखाली आलेल्या भावकीतल्या बायका कोपऱ्यातून वाकून बघू लागल्या. जानकी उठून उभी राहिली. "रडांदे तेका," काशीरामकाका ओलावल्या आवाजात म्हणाले. "बापूस गेलो तेव्हा रडूक नाय पोर. आज इली आठवण. बापाशीचो जीव मोकळो झालो बघ."

"बाबांसाठी नाही," लवू म्हणाला.

"मगे?"

"भाऊकाका गेले आत्ता. ते मघाशी मला जेवायला बोलवायला आले होते." त्याला नीट बोलता येईना. "त्यांनी घास पुढे केला. हातात धरून पुढे केला, काका. आणि मी घेतला नाही."

काशीरामकाकांनी खिरीचा भुरका मारला, मान डोलावली, आणि कौतुकाने सगळ्यांकडे बघत म्हणाले, "बरा केलंस! पितरांच्या दिवशी असोच नेम पाळूक होयो. धाकूचो झील शोभतंस हां." कुणीतरी "खरंय" म्हणालं. जानकीने एकदा लवूकडे पाहिलं. तिला काहीतरी कळलं असावं, पण तिने मान खाली घातली आणि कढईत पुढचा घाणा सोडला.

जयवंतने धाकूच्या पानावर जागा केली. "लवू, गरम आहेत तोवर आण रे अजून," तो म्हणाला. लवूने सदऱ्याच्या बाहीला नाक पुसलं, ताट उचललं आणि त्याला वडे वाढले.